शेवटच्या वळणावरचे अंकल

परक्या देशात गेल्यावर तुम्ही तोंडदेखले नव्हे, मनापासून किती माणसांचे आभार मानलेत? मला ही सवय नव्हती, म्हणून विचारते. इचलकरंजीत आमच्या घरी पत्रकांचे गठ्ठे असायचे आणि मी वाचायला शिकले तीच ‘आमच्या मागण्या’ या मथळ्यावर. हक्काच्या गोष्टीसाठी आभार मानणं म्हणजे मान तुकवणं, असं माझं पक्कं मत होतं. ते मोडलं माझ्या घरमालकांनी. मूळचे वसईचे, सत्तरीचे, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यातून निवृत्त झालेले. कॅनडातल्या ग्वेल्फ गावात त्यांच्या बेसमेंटमध्ये मी राहायचे आणि त्यांना अंकल म्हणायचे. अख्ख्या ऑन्टारियोत इतका कृतज्ञ आणि इतका हट्टी माणूस दुसरा नसेल, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहिते आहे.

अंकल बसमधून उतरताना ड्रायव्हरचे आभार मानत, इथे ते सगळेच मानतात. पण अंकल थांब्यावर उभे राहून बस वळेपर्यंत हात हलवत. दुकानातल्या आपोआप उघडणाऱ्या दारालाही त्यांनी थँक्यू म्हटल्याचं मी ऐकलं आहे. एकदा आम्ही दोघांनी तासभर खपून घरापुढच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढला आणि लगेच नगरपालिकेची बर्फ ढकलणारी गाडी येऊन त्याच्या तोंडाशी बर्फाची भिंत उभी करून गेली. अंकलनी फावडं उंचावून तिलाही थँक्यू म्हटलं. मी संतापले. टॅक्स भरता ना, मग हे कशाला, असं विचारलं. ते म्हणाले, “भरतो ना. आभार मानले म्हणून टॅक्सची पावती रद्द होते काय, बाय?”

हट्टाचं म्हणाल, तर स्वतःच्या हातापायांशिवाय ते कशावरही विश्वास ठेवत नसत. फोनमधलं हवामान त्यांच्या लेखी अफवा होती. रोज सकाळी मागचं दार उघडून ते हात बाहेर काढत आणि मग बेसमेंटच्या जिन्यावरून हुकूम येई, आज ग्लव्हज, किंवा आज कानटोपी. मी कॉलेजच्या क्रॉसकंट्री संघात पळते, हे कळल्यावर आधी त्यांना माझी कीव आली. मागे कुत्रा नाही, पुढे बस नाही, मग ही पोर पळते कशासाठी, असं ते फोनवर देशाच्या दुसऱ्या टोकाला, सरे शहरात राहणाऱ्या लेकीला विचारत होते. पण एकदा शर्यत पाहिली आणि अंकल बदलले. सात मुली पळतात, पहिल्या पाचजणींच्या क्रमांकांची बेरीज करतात आणि ज्याची बेरीज कमी तो संघ जिंकतो, हे समजल्यावर म्हणाले, म्हणजे पहिलीपेक्षा पाचवीची चिंता जास्त. मी साधारण सातवी असायचे. चिंता करायला त्यांना हक्काचं माणूस मिळालं.

मग दर शर्यतीच्या आदल्या दिवशी अंकल रबरी बूट घालून, काठी घेऊन अख्खा मार्ग पायी फिरू लागले. मैदान तासभर दूर असलं तरी गाडी काढून जात. परत येऊन ग्रोसरीच्या जाहिरातीच्या पाठीमागे मला नकाशा काढून देत. चिखल कुठे, मुळं कुठे, बदकांची घाण कुठे, सगळं त्यात. शर्यतीच्या दिवशी आई-बाप सुरुवातीला आणि शेवटाला गर्दी करत. अंकल उभे राहत मैदानाच्या मागच्या अंगाला, शेवटच्या वळणावर, जिथे दम संपलेला असतो आणि बघायला कुणी नसतं. तिथे पातेल्याच्या झाकणावर चमचा बडवत ते मराठीत ओरडत, “चल बाय, मान वर!” माझ्या मागून येणाऱ्या अनोळखी मुलींनाही तेच. शर्यत संपली की त्यांच्या हातचे फुगे, म्हणजे मैद्याचे गोल तळलेले पाव, डबा भरून संघापुढे येत. आमच्या कोचबाईंना ते इतके आवडत की त्या अंकलना संघाचेच समजू लागल्या होत्या.

माझ्या दुसऱ्या वर्षी एका शर्यतीवर सगळं ठरणार होतं. प्रांताच्या अजिंक्यपदाला सातच मुली जाणार होत्या आणि सातव्या जागेसाठी मी आणि एक नवी मुलगी, अशा दोघी होतो. अंकलनी शुक्रवारी मार्ग पाहिला, नकाशा दिला. शनिवारी पहाटे जोराचा पाऊस झाला, सखल भागात तळं साचलं आणि आयोजकांनी शेवटचं वळण डावीकडचं उजवीकडे केलं, झेंडे हलवले. सकाळी संघ मार्ग बघायला निघाला तेव्हा मी अर्ध्यातून परतले. माझ्याकडे अंकलचा नकाशा होता ना.

शेवटच्या टप्प्यात मी त्या मुलीच्या वीस पावलं पुढे होते. वळण आलं. झेंडे उजवीकडे दिसत होते आणि अंकल जिवाच्या आकांताने झाकण बडवत ओरडत होते, “डावीकडे, बाय, डावीकडे!” मी डावीकडे वळले. माझ्या पाठीकडे बघत पळणाऱ्या दुसऱ्या कॉलेजच्या दोघीही वळल्या. आम्ही तिघी गुडघाभर पाण्यात शिरलो आणि तिघीही बाद झालो.

पुढच्या तीसेक मुली उजवीकडे जाताना दिसल्या नाहीत का, असं मी नंतर अंकलना विचारलं. “दिसल्या ना,” ते खाली बघत म्हणाले. “एवढ्या चुकल्या, म्हटलं माझी तरी चुकू नये.”

टोपी हातात धरून ते कोचबाईंसमोर उभे राहिले आणि चूक माझी, मुलीने फक्त माझं ऐकलं, असं त्यांनी इंग्रजीत तीनदा सांगितलं. बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पण नियम सोडला नाही. मार्ग माहीत असणं ही पळणाऱ्याची जबाबदारी. सातवी जागा त्या नव्या मुलीला मिळाली.

मी घरी येऊन निषेधाचं पत्र लिहायला घेतलं. खुणा अस्पष्ट होत्या, सूचना अपुरी होती, परदेशी विद्यार्थिनींकडे दुर्लक्ष झालं. तीन पानं झरझर भरली. अंकलनी ती शांतपणे वाचली. “झेंडे नीट होते, बाय. मी बघितले होते,” ते म्हणाले. “ती झेंडे लावणारी पोरं पहाटेपासून चिखलात उभी होती. त्यांच्या नावाने खोटा कागद करू नको.” मी आयुष्यात अनेक पत्रकं वाटली आहेत. न पाठवलेलं हे एकच, आणि त्याचा मला अभिमान आहे.

पुढच्या वर्षी मी सातात आले. अंकल प्रत्येक शर्यतीला आले, त्याच वळणावर उभे राहिले, फुगेही आणले. पण हात खिशात आणि तोंड बंद. अंकल ओरडा ना, असं मी कितीदा सांगितलं. घसा बसलाय म्हणायचे. वर्षभर कुणाचा घसा बसतो? त्या वळणावरून मी गुपचूप पळत जायचे आणि मला समोरचा चढ दुप्पट वाटायचा. मार्च महिन्यात त्यांनी घर विकलं आणि ते सरेला लेकीकडे गेले. निरोपाच्या वेळी मी थँक्यू म्हटलं, दोनदा म्हटलं, तर त्यांच्या बॅगा उचलल्याबद्दल तेच माझे आभार मानत राहिले.

म्हणून सरेमध्ये राहणाऱ्या वाचकांनो, ही माझी मागणी नाही, विनंती आहे. तुमची मुलं शाळेच्या संघात पळत असतील, तर बस वळेपर्यंत हात हलवणारा एक म्हातारा शोधा आणि त्याला मैदानावर न्या. वाट त्याला विचारू नका, ती कोचला विचारा. त्याला फक्त ओरडायला सांगा. तो घशाला हात लावून नाही म्हणेल. तुम्ही पुन्हा सांगा.