घरचं बोलणं, धुळ्याचं बोलणं

मला कळायला लागलं तेव्हा माझ्या कानांत फक्त मोठे, बोथट आवाज पोचत होते. दीड-दोन वर्षांची असताना आलेल्या तापात बाकीचं सगळं गेलं. ते माझ्या मायच्या लक्षात आलं एका दुपारी. फडताळावरून पितळी पातेलं माझ्या पाठीमागे फरशीवर पडलं आणि मी मान वळवली नाही. मायने ते पुन्हा उचलून मुद्दाम आपटलं. मी आपली चिंध्यांच्या बाहुलीशी खेळत राहिले. पुढे कधीही हे सांगताना ती पातेलं आपटल्यासारखा हात करायची आणि तिथेच थांबायची.

आमचं गाव सोनगीर. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, हमरस्त्याला लागून पिठाची गिरणी होती. गावातले लोक माझ्याबद्दल ‘मुकी’ म्हणायचे, त्यात वाईट हेतू नसायचा. पण मायला तो शब्द खपत नसे. ती म्हणायची, “तिले ऐकू येत नही, इतलंच. बोलाले काय व्हयेल शे तिले?”

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. धुळ्याला एका डॉक्टरांनी कान तपासून आम्हाला बाईंकडे पाठवलं. बाई पुण्याच्या. ऐकू न येणाऱ्या मुलांना बोलायला शिकवायचं शिक्षण घेऊन नुकत्याच धुळ्याला आल्या होत्या. वयाने माझ्या मावशीएवढ्या, ताठ बसणाऱ्या, आणि बोलताना आपला चेहरा कायम उजेडाकडे ठेवणाऱ्या. त्यांनी मला यंत्र लावलं. काडेपेटीहून थोडं मोठं, छातीवर अडकवायचं, त्यातून निघालेली वायर कानातल्या बोंडापर्यंत जायची. मायने त्याला जुन्या पोलक्याच्या कापडाची पिशवी शिवली. यंत्राने मला शब्द मिळाले असं नाही. कुणीतरी बोलतंय, एवढं मात्र कळू लागलं आणि मी त्या माणसाच्या तोंडाकडे बघायला शिकले.

बाईंच्या खोलीत मोठा आरसा होता. त्याच्यापुढे आम्ही दोघी बसायचो. मेणबत्तीची ज्योत हलवत ‘प’ काढायचा, नाकावर बोट ठेवून ‘म’ची थरथर बघायची, त्यांच्या गळ्यावर हात ठेवून आवाज कुठून येतो ते शोधायचं. मग चित्रं. ‘हा डबा आहे.’ ‘ही भाकरी आहे.’ मी बाईंच्या ओठांसारखे ओठ करायचे आणि त्या टाळ्या वाजवायच्या.

बाईंनी मायला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, “घरी सगळ्यांनी माझ्यासारखंच बोलायचं. आधीच तिला ऐकू येत नाही, त्यात दोन भाषा झाल्या तर ती गोंधळेल.” त्यांना तसंच शिकवलं होतं. माय मान डोलावून घरी आली.

आमच्या घरात सगळे अहिराणी बोलणारे. मायने खूप प्रयत्न केला. “बाळ, इकडे ये,” असं म्हणताना तिचं तोंड अनोळखी व्हायचं. ओठ ताणलेले, डोळे शब्द शोधत असलेले. ते जमेना म्हणून ती बोलणंच कमी करू लागली. आबांनी तर प्रयत्नच सोडला. ते माझ्याशी हाताने खुणा करायचे. पूर्वी भाकरी थापताना माय अखंड माझ्याशी बोलायची, मला ऐकू येवो न येवो. आता ती गप्प थापायची. मला वाटायचं, आपलं काहीतरी चुकलंय, माय रागावलीय. यातलं काही सांगायला माझ्याजवळ शब्द नव्हते.

धुळ्यात मी आरशासमोर ‘डबा आहे’ म्हणायचे आणि घरी आले की तोंड उघडत नसे. बरेच महिने असंच चाललं. बाईंना कोडं पडलं. शेवटी त्या म्हणाल्या, “मी तुमच्या घरी येते. बघू तरी काय होतंय.”

त्या आल्या तो बाजाराचा दिवस होता. गिरणीवर ही गर्दी. पट्टा फिरत होता, जातं घरघरत होतं, आणि जो तो ओरडत होता. तिथे कुणालाच कुणाचं ऐकू येत नसे. यंत्रातून नुसता गोंगाट कानात घुसायचा म्हणून मी ते बंद करून ठेवायचे. बाई दारात उभ्या राहिल्या तेव्हा मी तागाच्या पोत्यावर चढून आबांना बोटांनी सांगत होते, हिची बाजरी जाड, त्यांचे गहू बारीक. गिऱ्हाइकं बोलायची, मी त्यांच्या ओठांवरून उचलायचे आणि आबांपर्यंत पोचवायचे. हा आमचा रोजचा खेळ होता. आबांचा घसा वाचायचा, त्यामुळे त्यांनाही तो आवडायचा.

बाईंनी मला जवळ घेतलं आणि ओठ सावकाश हलवून विचारलं, “तुझा डबा कुठे आहे?” मी त्यांच्याकडे बघत राहिले. एवढ्यात शेजारच्या अक्का माझ्या खांद्याला हात लावून म्हणाल्या, “मना डबा कोठे शे वं?” मी पोत्यावरून उडी मारली, ओळीतला त्यांचा कडीचा डबा ओढत आणला आणि त्यांच्या पायाशी ठेवला.

बाईंनी अक्कांना तोच प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग दुसरा. मग आवाज न काढता. “पीठ कोनं शे?” “तुना बाप काय करी ऱ्हायना?” मी सगळ्यांची उत्तरं बोटाने दाखवली. बाई मायला घेऊन बाहेर आल्या.

पुढचं मायच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलंय की मला ते पाठ आहे. माय घाबरून म्हणाली, “बाई, तुम्ही नको सांगेल व्हतं. मी घरमा बोलत नही. पन गिरणीवर लोकं बोलतस, त्यास्ले मी कसं थांबाडू?”

बाई बाजेवर बसल्या. मग म्हणाल्या, “ओठांवर अर्धंच दिसतं हो. प, ब आणि म तर ओठांवर अगदी सारखे. उरलेलं माणूस ओळखीनं भरून काढतं. जे बोलणं तिच्या ओळखीचंच नाही, ते ती कशानं भरणार?” आणि मग, “तुम्ही हिच्याशी अगदी पहिल्यासारखं बोला. भरपूर बोला. आणि मंगळवारी येताना तयारीनं या, मलाही शिकायचंय.”

त्या मंगळवारपासून आरशासमोर आम्ही तिघी बसू लागलो. माय बोलायची, बाई तिच्याकडून शब्द घ्यायच्या आणि मग माझ्याकडून काढून घ्यायच्या. बाईंचं ‘शे’ सुरुवातीला फार ठासून यायचं. माय पदर तोंडाला लावून हसायची. आणि पदराआडचं तोंड मला वाचता यायचं नाही, म्हणून मी तिचा पदर ओढायचे. घरी पुन्हा बोलणं सुरू झालं. माझ्यासाठी घरातले दिवे लागल्यासारखं झालं ते.

एका संध्याकाळी माय चुलीपुढे होती. मी तिच्या खांद्याला हात लावला आणि म्हटलं, “माय, माले भूक लागनी.”

तिने वळून पाहिलं. “काय म्हननी? आखो म्हन.”

मी पुन्हा म्हटलं. तव्यावरची भाकरी करपून काळी झाली. मायने मला कडेवर उचललं, कडेवर घ्यायचं वय उलटून गेलं होतं तरी, आणि थेट गिरणीवर नेलं. आबांनी पट्टा बंद केला. सगळी गिऱ्हाइकं थांबली. मी तेच वाक्य सगळ्यांसमोर म्हटलं. मग कुणी गूळ दिला, कुणी शेंगदाणे. आबा पिठाने पांढऱ्या झालेल्या बाहीने डोळे पुसत होते, त्यामुळे डोळे आणखीच लाल झाले.

शाळेची मराठी त्यानंतर आली. तोवर माझी समजूत अशी होती की ‘आहे’ धुळ्याच्या खोलीत राहतं आणि ‘शे’ सोनगीरला. बाईंनी एकदा आमच्या घरचाच डबा धुळ्याला मागवला. तो आरशासमोर ठेवून मायकडे बोट केलं, माय म्हणाली, “डबा शे.” मग स्वतः म्हणाल्या, “डबा आहे.” मी दोघींची तोंडं आळीपाळीने बघितली आणि एकदम उमगलं. मग मी हाताला येईल ती वस्तू त्या दोघींपुढे धरत सुटले. चप्पल, खडू, बाईंची पर्स. दोघींनी दोन्ही बाजूंनी सांगायचं. बाई दमल्या, पण थांबल्या नाहीत.

मी गावच्याच शाळेत शिकले, पहिल्या बाकावर बसून. नव्वदनंतर, दहावी झाल्यावर, बाई मला जळगावला घेऊन गेल्या. तिथे शिक्षकांची आणि कानाच्या डॉक्टरांची एक सभा होती. आबांनी त्या दिवशी गिरणी बंद ठेवली. इस्त्रीचा सदरा घालून ते आणि माय मागच्या रांगेत बसले.

मंचावर बाहेरगावचे एक सर होते. त्यांनी मला एक चित्र दाखवलं: स्वयंपाकघर, दूध उतू चाललंय, मांजर टपून बसलंय. “बोल, काय दिसतंय?” मी चांगलं सांगत होते, पण मांजराशी आले आणि रंगात येऊन अहिराणीत शिरले. “मांजर तठे बसेल शे, आते दूध पी जाई!” सर बाईंकडे वळून हळू आवाजात म्हणाले, “छान आहे. पण ‘आहे’ अजून नीट जमत नाही, नाही का? शेवट अस्पष्ट होतात.”

त्यांचा चेहरा अर्धवट वळलेला होता. मला तेवढा पुरतो.

“सर,” मी म्हटलं, “मला ‘आहे’ म्हणता येतं. मांजर तिथे बसलं आहे. आता दूध पिऊन टाकेल. आधी जे बोलले ती अहिराणी. ते चुकेल नही. ते आमनं बोलनं शे.”

सभागृहात हशा झाला असावा. मला फक्त लोकांचे हललेले खांदे दिसले. सर खुर्ची ओढून माझ्यासमोर येऊन बसले. “अख्खं चित्र पुन्हा सांग. आधी तुमच्यात, मग माझ्यासाठी.” मी सांगितलं. तिसऱ्या रांगेतले एक जळगावचे डॉक्टर उठले आणि विचारते झाले, “तू कोनता गावनी शे, बेटा?”

“सोनगीरनी!” मी म्हटलं. मग टाळ्या. टाळ्या मला पायाखालच्या लाकडी फळीतून कळल्या.

बाहेर चहाच्या टपरीवर आबा अनोळखी माणसांना थांबवून सांगत होते, “मनी पोर शे ती. दोन भाषास्मा बोलनी.” मायने त्यांना गप्प करायचा प्रयत्नही केला नाही. बाई तिचा हात धरून उभ्या होत्या आणि म्हणत होत्या, “शिकवलंय हिनं. माझ्याबरोबर हिनंच.”

बारावीनंतर मी बाईंच्या खोलीत मदतीला जाऊ लागले. एकदा धुळ्यातल्या एका शिंप्याची बायको तिच्या छोट्या मुलीला घेऊन आली. मुलीच्या छातीवर नवं यंत्र. बाई बाहेर होत्या. मी त्या आईला मुलीसमोर बसवलं. ती बिचकत म्हणाली, “हम तो घर में ऐसाइच बोलते. मराठी नहीं आती बराबर. चलेगा?”

मी तिची खुर्ची खिडकीच्या उजेडाकडे फिरवली आणि म्हटलं, “ऐसाइच बोलो. खूप बोलो.”

तिने मुलीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बोलायला लागली.