चितेसमोरची तीन मतं

ओल्या लाकडाचा धूर नाकात गेला की साखरखेर्ड्याचं स्मशान आठवतं. आमच्याकडे चितेला अग्नी दिल्यावर श्रद्धांजलीची भाषणं होतात. मृताला उठून जाता येत नाही, म्हणून कुणी आटोपतं घेत नाही. त्या दिवशी एक तरुण शिक्षक गेला होता. निवृत्त प्राध्यापक माइकवर सांगत होते, जगण्याला अर्थ देव देतो असं काही मानतात, काही म्हणतात तो माणूसच देतो, आणि काहींच्या मते अर्थच नसतो. त्या शिक्षकाचा बाप उठला. ‘‘सर, मंग माह्या पोराले यातलं कोन्तं लागू हाये?’’ प्राध्यापकांनी हातातला कागद घडी करून खिशात घातला. ते म्हणाले, ‘‘मले नाई माहीत, दादा.’’ बाप म्हणाला, ‘‘मंग बसा.’’ यादीत पुढचं नाव माझं होतं. पुकारलं, तरी मी उठलो नाही. आजवरचं माझं तेवढंच भाषण बरं झालं.