निळा रंग संपला त्या दिवशी

तिच्या नखांच्या कडा कायम निळ्या असायच्या. साबण झाला, लिंबू झालं, रॉकेल झालं, त्या काही जात नसत. रस्त्याकडेचं तण मारणाऱ्या टोळीत ती अकरा वर्षं होती, टोळीतली एकटीच बाई. फवारणीच्या पाण्यात मिसळायचा निळा रंग तिच्या हातांवर कायमचा मुक्कामाला आला होता. म्हणून ती निळूमावशी. मुकादमापासून टेम्पोवाल्यापर्यंत सगळ्यांची. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, ते तिथंच सुखात होतं.

त्या रंगानं गवत मरत नाही. औषध कुठं पडलं नि कुठं राहिलं, ते दिसावं एवढंच त्याचं काम. पण निळूमावशीचा सगळा जीव त्या रंगात. पंप पाठीला लावला की ती उलटी चालायची, फवारलेल्यावर पाय पडू नये म्हणून, आणि समोर निळी होत जाणारी पट्टी बघत राहायची. टेम्पोवाला ओरडायचा, "मावशी, घर सारवताय का रस्ता?"

"तुझं तोंड सारवते ये इकडं!"

मारायचं होतं ते शेपूटगवत. कुणा हौशी माणसानं दूरदेशाहून आणून बागेत शोभेला लावलेलं. चार वर्षांत ते कुंपण ओलांडून रस्त्यावर आलं, गाड्यांच्या चाकांना बी चिकटवून पुढच्या गावी गेलं. वळणावरच्या पाट्या त्यानं झाकल्या, उन्हाळ्यात पेटलं तेव्हा अख्खा पूल धुरात बुडवला. ते मारायची वेळ एकच. कणीस बाहेर पडायच्या आधी, गवत पोटरीत असताना. म्हणजे कणीस अजून पानाच्या गुंडाळीत, पोट फुगल्यासारखं दिसतं तेव्हा.

आणि ते खायची वेळही तीच. ती पोटरी ओढून काढायची, वरचं पान सोलायचं, आत बोटभर पांढरा, मऊ, गोडसर गाभा मिळतो. निळूमावशीनं लहानपणी दुसऱ्या गवताचा खाल्ला होता. आपल्या सात वर्षांच्या नातीला, भिंगरीला, तो तिनंच शिकवला. वर नियमही घालून दिला, "निळं दिसलं की हात लावायचा नाही. काय?"

"निळं नाही, हिरवं हो," भिंगरी म्हणायची. पाढ्यासारखं पाठ होतं तिला.

त्या दिवशी सकाळी रंगाचा डबा उघडला तर तळाला नुसती पापुद्र्यासारखी खपली.

"रंग संपला," निळूमावशी म्हणाली.

"उद्या येतोय," मुकादम म्हणाला. "तुम्ही शाळेचं वळण उरकून घ्या."

"रंगाशिवाय?"

"मावशी, आज वारा नाही. उद्या सुटला तर? परवा कणसं बाहेर पडली तर? वर्षभर बोंबलत बसायचं. रंग काय गवत मारतो का?"

"तसं नाही, पण…"

"पण काय? दोन्ही टोकांना धोक्याच्या पाट्या लावतो ना मी. अकरा वर्षं झाली तुम्हाला. डोळे मिटून फवाराल."

तिला ते बोलणं गोड लागलं, हे तिनं नंतर स्वतःशी कबूल केलं. शाळा संध्याकाळी सुटते, तोवर औषध वाळेल, संध्याकाळी आपणच भिंगरीला आणायला जाऊ, असा तिनं मनाशी हिशोब बसवला आणि पंप उचलला. अकरा वाजता वळण उरकलं. मुकादमानं पाट्या काढून पुढच्या टप्प्याला नेल्या. वळण हिरवंगार होतं. सकाळी होतं तसंच.

साडेबाराला पुढच्या पुलाच्या कठड्यावर ती डबा उघडून बसली होती. समोरून गणवेशातल्या दोन मोठ्या मुली सायकलवरून आल्या.

"अगं पोरींनो, शाळा बुडवली काय?"

"अर्धीच होती आज! बाईंची मीटिंग आहे!"

घास तोंडात तसाच राहिला. तिनं तो खाली थुंकला.

"चल," ती टेम्पोवाल्याला म्हणाली.

"अहो, जेवू तर द्या…"

"भिंगरी सुटली. चल म्हणते ना!"

टेम्पोवाल्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि भाकरी तशीच कापडात गुंडाळली. ती औषधाचा कॅन मांडीवर घेऊन बसली. कशाला घेतला ते तिलाही कळलं नाही. तीन किलोमीटर. मागच्या टाकीतलं पाणी प्रत्येक खड्ड्याला डचमळत होतं.

"पोरं सरळ घरी जातात हो मावशी. भूक लागलेली असते."

"भूक लागलेली असते, तेच तर म्हणते!"

वळणावर कुणी नव्हतं. ती उतरली. आधी काहीच दिसलं नाही, मग दिसायला लागलं तसं सगळीकडे दिसायला लागलं. डांबराच्या कडेला सोललेली पानं पडली होती. गुंडाळ्या उलगडलेल्या, एकेका काडीचं टोक चावून चोथा झालेलं. तिनं एक काडी उचलली. टोक अजून ओलं होतं.

"किती आहेत?" टेम्पोवाल्यानं हळूच विचारलं. सकाळपासून चाललेली त्याची थट्टा बंद झाली होती.

तिनं मोजलं नाही. मोजवलंच नाही.

घरी सून शिवणयंत्रावर होती आणि भिंगरी खाली चिंध्या जुळवत बसली होती. निळूमावशीनं चपलाही काढल्या नाहीत.

"जीभ दाखव."

"का?"

"दाखव म्हणते ना!"

भिंगरीनं जीभ काढली. गुलाबी. स्वच्छ. इतर कुठल्याही दिवशी त्या गुलाबी जिभेवर तिचा जीव भांड्यात पडला असता. आज ती जीभ काही सांगत नव्हती. रंगच नव्हता तर जिभेवर कुठून येणार!

"गवत खाल्लंस?"

"नाही."

"खरं सांग. मारणार नाही मी."

"आई, झालंय काय?" सून यंत्रावरून उठली.

निळूमावशीनं पोरीच्या फ्रॉकच्या खिशात हात घातला. आत सोललेली हिरवी सालं निघाली, मूठभर. भिंगरीनं ओठ काढला. "हिरवं होतं! मी बघितलं नीट! निळं नव्हतंच कुठं!"

"बरोबर आहे गं बाई तुझं. बरोबर आहे. किती खाल्लंस?"

"तीन. नाही, चार. पण जुळ्यांनी जास्त खाल्लं. त्या घाबरत होत्या आधी. मग मीच सांगितलं, माझी आजी निळी आहे, मला कळतं कुठलं खायचं ते. आणि नव्या मुलीला तर मी पूर्ण जुडी दिली."

सुनेनं सासूकडे बघितलं. पोरीचे हात आणि तोंड खसाखसा धुतलं, तिला कडेवर घेतलं आणि टेम्पोत जाऊन बसली.

जुळ्या मागच्या गल्लीतल्याच. त्यांच्या आईनं दार उघडलं तेव्हा एक जण मोरीत ओकत होती. पुढचं सगळं निळूमावशीला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. दवाखान्यातला ओलसर बाक. तरुण डॉक्टरीणबाईंनी कॅनवरची चिठ्ठी दोनदा वाचली ते. त्यांनी विचारलं, "फवारून किती वेळ झाला होता? पाण्यात किती मिसळलं होतं?" आणि तिनं सगळं घडाघडा सांगितलं, कारण तेवढं एकच तिला नीट येत होतं.

"बाहेरचं पान सोलून टाकलंय हे बरं झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तरी संध्याकाळपर्यंत तिघींना इथंच ठेवते. आणि चौथी? तुम्ही चार म्हणालात ना?"

नव्या मुलीचं घर कुणालाच माहीत नव्हतं. "पाण्याच्या टाकीपाशी, जिन्याचं घर," एवढंच भिंगरीला ठाऊक. टेम्पोवाला आणि ती निघाली. वाटेत मुकादमाचा फोन आला. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती.

"मावशी, ऐका. रंगाचं काही बोलू नका. पाट्या होत्या, पोरांनी बघितल्या नाहीत, एवढंच. तुमचंही काम जाईल, माझंही."

"पाट्या तुम्ही अकराला काढल्या."

"तेच सांगतोय, बोलू नका!"

तिनं फोन ठेवला. पाण्याच्या टाकीभोवती जिन्याची घरं चार होती. तिसऱ्या दारात एक बाई ओला टॉवेल पिळत उभी होती.

"नवी शाळा… तुमची मुलगी… दुसरीत आहे का?"

"हो. का? तुम्ही कोण?"

"ती कुठाय?"

"झोपलीय. एरवी दुपारची झोपत नाही कधी, आज आली नि आडवीच झाली. अहो, पण तुम्ही…"

निळूमावशीनं चौकट ओलांडली. आत खिडकीत पाण्याचा पेला होता आणि त्यात गवताची जुडी उभी करून ठेवलेली. हिरव्या पोटऱ्या, फुगलेल्या, एकीतून कणसाचा रेशमी तुरा नुकता डोकावत होता.

"किती छान दिसतंय ना?" बाई म्हणाली. "म्हणते, माझ्या मैत्रिणीनं दिलं."

"ते विषारी आहे. तिला उठवा. आधी उठवा."

बाईनं पोरीला हलवलं. पोर हलली नाही. पुन्हा हलवलं, या वेळी हाक मारून, आणि ती हाक निळूमावशीला आजही मधूनच ऐकू येते. मग पोरीनं कूस बदलली आणि वैतागून डोळे उघडले.

"तू गवत खाल्लंस, राणी?" निळूमावशी खाली बसली होती, कधी बसली कोण जाणे.

"शी! एकदा चावलं नि थुंकलं. मला नाही आवडत. त्याला तुरे येणारेत."

आईनं पोरीला उचलून छातीशी धरलं. "कुणी फवारलं ते?"

मुकादमाचं वाक्य निळूमावशीच्या जिभेवर तयार होतं. पाट्या होत्या.

"मी. औषधात निळा रंग घालतात, लोकांना दिसावं म्हणून. आज रंग संपला होता. मी तसंच फवारलं."

"संपला होता तर थांबायचं."

"हो."

"एवढंच करायचं होतं. थांबायचं."

"हो," ती म्हणाली. तिनं पेला उचलला, जुडी पिशवीत घातली, पेला तीनदा धुतला, आणि दोघी मायलेकींना टेम्पोत बसवलं.

दिवेलागणीला डॉक्टरीणबाईंनी चौघींना घरी सोडलं. ओकणारी जुळी बिस्किट मागत होती. निळूमावशीनं वरच्या साहेबांपुढेही तेच सांगितलं, शब्दाचा फेर न करता. तिला महिनाभर घरी बसवलं, मुकादमाची बदली झाली. आता नवा मुकादम आहे. त्यालाही घाई असते. एकदा रंग यायला उशीर झाला तर ती पंप उलटा घालून त्यावर बसली.

"मावशी, वारा पडलाय, उठा की!"

"रंग येऊ दे. आला की मीही उठते."

भिंगरी आता गवताला हात लावत नाही. निळ्या नाही, हिरव्याही नाही. आजीनं कितीही समजावलं तरी तिचा आता कुठल्याच रंगावर विश्वास नाही. शाळेतून येताना ती कडेनं चालत नाही. गवतापासून लांब, डांबराच्या मधोमध चालते. निळूमावशी रोज शाळा सुटायच्या वेळी वळणावर जाऊन उभी राहते, आणि लांबून गाडीचा आवाज आला की तिचा हात आपोआप छातीवर जातो.

"कडेला हो गं!" ती ओरडते.

"तिकडं गवत आहे, आजी!" भिंगरी तिथूनच ओरडते.