कव्हरांखालची सीट

वडील गेल्यावर त्यांची गाडी माझ्या वाट्याला आली. दोन दारांची, आठ सिलिंडरची, लांबलचक अमेरिकन गाडी. पिंपरीच्या एका कारखान्यात आलेला परदेशी इंजिनिअर मायदेशी परतताना ती जवळजवळ नवीकोरी वडिलांना विकून गेला होता. शनिवार पेठेतल्या आमच्या गल्लीत ती वळवायची म्हणजे दोघातिघांनी खाली उतरून "येऊ द्या, येऊ द्या" करावं लागे. भाऊ म्हणाला, "भंगारात घाल." सांगितल्याच्या उलट करायची माझी लहानपणापासूनची खोड. मी ती दुरुस्त करायला घेतली.

इंजिनाला वर्ष गेलं. ते पहिल्यांदा घुमलं तेव्हा खिडक्यांची तावदानं थरथरली. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर सूचना होती, "पार्किंगमध्ये विमान सुरू करू नये." सही नव्हती, पण अक्षर सेक्रेटरींचं, ते मी ओळखलं.

राहिलं आतलं काम. सीटवर तपकिरी रेक्झिनचं कव्हर होतं, जागोजागी फाटलेलं, आणि फटीतून त्याच्याखालचं खाकी कव्हर दिसत होतं. मूळ सीट आम्हा भावंडांपैकी कुणीच पाहिली नव्हती. गाडी घरी आली त्याच दिवशी वडिलांनी ती झाकून टाकली होती. आधी सीटकव्हर, मग पेढे. चांगली वस्तू वापरायची नसते, जपायची असते, हा आमच्याकडचा कुळाचार. टीव्हीचा रिमोट अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. शिवाय कव्हर फाटलं तर ते काढायचं नाही, त्याच्यावरच नवं चढवायचं, हा वडिलांचा खास नियम.

इंटरनेटवर तसल्या गाड्यांचे फोटो पाहिले. बहुतेकांच्या सीट काळ्या होत्या. मग मीही काळा रंग ठरवला.

"काळ्या नव्हत्या," आई म्हणाली. "पिकलेलं अंजीर फोडल्यावर आत दिसतं ना, तसा रंग होता."

आईचं हल्ली असं झालंय, की चहाचा रिकामा कप खाली ठेवते आणि विचारते, आज चहा नाही का? डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलंय. तेव्हापासून घरात तिचं बोलणं कुणी मनावर घेत नाही. मीसुद्धा. तिने दिवसातून पाचव्यांदा अंजीर काढलं तेव्हा मी फटकन म्हणाले, "आई, तुला सकाळचं आठवत नाही, त्या वेळचं काय सांगतेस?"

संध्याकाळी मेथी निवडता निवडता ती हळूच म्हणाली, "खरंच का गं, माझं सगळंच गेलं?"

माझी मलाच लाज वाटली. पण माफी मागायची रीत आमच्या घरात नाही. तिच्या पुढ्यातली अर्धी जुडी मी ओढून घेतली आणि निवडायला लागले.

सीटचं काम मी कसबा पेठेतल्या एका म्हाताऱ्या कारागिरांना दिलं होतं. त्यांच्या बोळात ही गाडी शिरणं शक्यच नव्हतं, म्हणून सीट खोलून टेम्पोतून पाठवल्या. स्प्रिंगपर्यंत सगळं उचकटा, फेकून द्या, वर नवं काळं चढवा, असं बजावलंही होतं. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"जरा येऊन जा. मी हात थांबवलाय."

"का हो, काय झालं?"

"आलात की दिसेल." फोन बंद.

आईला घरी एकटं ठेवता येत नाही, म्हणून बरोबर घेतलं. रिक्षा बोळाच्या तोंडाशी सोडली आणि हात धरून तिला चालवत नेलं.

पुढची सीट दुकानाच्या ओट्यावर ठेवली होती. रेक्झिन निघालं होतं, खाकी निघालं होतं, त्याखालचं टर्किश टॉवेलचं कापडही निघालं होतं. सगळ्यात खाली वडिलांचं जुनं, धुवट धोतर होतं, चारी बाजूंनी बारीक टाके घालून शिवलेलं. कारागिरांनी तीन बाजू उसवून ठेवल्या होत्या.

"फेका म्हणालात," ते म्हणाले. "आधी बघा, मग फेका." आणि त्यांनी दोन बोटांत धरून ते धोतर उचललं.

लालसर, कडेला किंचित जांभळट, मध्ये गुलाबीकडे झुकणारा रंग. एक चीर नाही, एक डाग नाही. दोरीने आखावी तशी सरळ शिलाई. नव्या गाडीला येतो तो वास अजून थोडासा शिल्लक होता. याच सीटवर मी लहानाची मोठी झाले, घाटात ओकले, सासरी जाताना रडले. आणि जन्मभर या रंगाच्या बोटभर वर बसून मला त्याचा पत्ता नव्हता. सकाळ हातून निसटणाऱ्या माझ्या आईजवळ मात्र तो जसाच्या तसा होता. मी सीटकडे बघू की तिच्याकडे, कळेना.

"आई," मी म्हणाले, "तुझंच बरोबर होतं. मी चुकले."

ती वाकून सीटवर तळहात फिरवत राहिली.

"यावर कुणी बसलेलंच नाही म्हणा ना," कारागीर म्हणाले.

"मी बसलेय," आई म्हणाली. आवाज अगदी ठणठणीत. "हे कव्हरवाल्याला बोलवायला गेले होते. मी चपला काढल्या आणि आत जाऊन बसले. एकटीच. चांगली तासभर."

मग तिने बोळात डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि माझ्या कानाशी तोंड आणलं.

"ह्यांना सांगू नकोस हं. रागावतील."

"नाही सांगत," मी म्हणाले.