चारही चाकांत हवा

तो गुन्हा आजही आठवला की आधी राग येतो आणि मग एक माणूस आठवतो. नावं सांगत नाही, कारण सगळे अजून त्याच पट्ट्यात राहतात.

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. रावेर-फैजपूरच्या केळी पट्ट्यातलं एक ठाणं माझ्याकडे होतं. मी शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याची परीक्षा देऊन अधिकारी झालो. पाठीवर कोणाचा हात नव्हता आणि तोंड तिखट, त्यामुळे बदल्या भरपूर पाहिल्या. शौक एकच, लिलावात घासाघीस करून घेतलेली जुनी फोर बाय फोर जीप. सुट्टीच्या दिवशी पाल गावाकडे सातपुड्यात जायचं, सुकी नदीच्या पात्रातून दगड-वाळू तुडवायची आणि जेवायला घरी यायचं. ठाण्यातले लोक यावर माझ्यामागे हसत. मला ते माहीत होतं.

एका मंगळवारी सकाळी एक मोठे केळी बागायतदार पुतण्याला घेऊन ठाण्यात आले. दोन दिवस ते नाशिकला होते आणि त्या पहाटेच परतले होते. त्यांची नवी काळी फोर बाय फोर गाडी पॅकिंग शेडमधून गेली होती. सोमवारी शेड बंद होतं. कुलूप शाबूत, गाडीची काच फुटल्याची खूण नाही. गाडीची चावी शेडमधल्या खुंटीवर असायची आणि ती हाताळणारा माणूस एकच, त्यांचा ड्रायव्हर.

“वीस वर्षं पोसला साहेब,” बागायतदार म्हणाले, “आणि हे फळ दिलं.”

पुतण्या मान खाली घालून उभा होता. काकांच्या नुकसानीचं त्याला वाईट वाटत असावं, असं मला वाटलं.

ड्रायव्हरला सगळे नाना म्हणत. ते मूळचे साक्रीकडचे, बोलणं अहिराणी. गाडी नाही हे सकाळी सर्वांत आधी त्यांनीच मालकांना फोन करून सांगितलं होतं. माझ्या लेखी तेही संशयास्पदच होतं. चोरीचा गुन्हा नोंदवला आणि नानांना चौकशीसाठी थेट शेडवरून आणलं. केळीचे घड धुणारे, खोकी भरणारे सगळे मजूर हातातलं काम थांबवून बघत होते.

दिवसभर मी एकच प्रश्न वेगवेगळ्या आवाजात विचारला. “चावी कोणाला दिली?”

“कोणलेच दिधी नही, साहेब. रविवारी मालकले भुसावळ स्टेशनवर सोडं, गाडी शेडमा लायी, चावी खुटीले टांगी आणि घर गऊ.”

संध्याकाळी माझं डोकं फिरलं. टेबलावर त्यांचं लायसन्स होतं, ते उचलून मी फरशीवर भिरकावलं. नाना वाकले, लायसन्स उचललं, सदऱ्याला पुसलं आणि खिशात ठेवलं.

“साहेब, याना वर पोट शे,” ते म्हणाले. “आते गावमा माले चावी कोन देई?”

ड्रायव्हरला एकदा चोर म्हटलं की पुढे कोर्टाने सोडलं तरी त्याच्या हातात कोणी चावी देत नाही. हे मला कळत होतं. तरीही मी त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं.

गाडीचं वर्णन मी आजूबाजूच्या सगळ्या पेट्रोल पंपांना आणि पंक्चरवाल्यांना कळवून ठेवलं होतं. बुधवारी सावद्याच्या अलीकडच्या एका पंक्चरवाल्याचा फोन आला.

“साहेब, तुमच्यासारखाच एक येडा सोमवारी येऊन गेला.”

“नीट बोल.”

“काळी गाडी होती. पंक्चर एक नाही आणि चारही चाकांत हवा भर म्हणतो. चारही चाकं पार बसलेली. असं या रस्त्यावर फक्त तुम्ही करता.”

चालवणाऱ्याने उन्हामुळे तोंडाला रुमाल बांधला होता, म्हणून चेहरा दिसला नव्हता. पण मला चेहऱ्याची गरज उरली नव्हती. वाळूत किंवा दगडांत उतरताना चाकांतली हवा कमी करतात. टायर पसरतो, पकड मिळते. डांबरी रस्त्यावर आलं की ती लगेच भरावी लागते. विकायला गाडी नेणारा चोर हे करत नाही. हे फक्त शौकीन माणूस करतो.

नानांपुढे चहा ठेवला आणि पहिल्यांदाच दुसरा प्रश्न विचारला.

“नाना, नदीत गाडी घालताना हवा किती काढता?”

ते माझ्याकडे बघतच राहिले. “हवा काढानी? साहेब, मालकनी गाडी शे. मी हवा काढी तं मालक मालेच काढी टाकी!”

ठाणे अंमलदाराला हसू आवरलं नाही. मलाही नाही.

शेडच्या कुलपाची एक किल्ली मालकांच्या घरातही होती आणि त्या घरात असल्या शौकाच्या वयाचा एकच होता, म्हणून पुतण्याला जबाबासाठी बोलावलं. मी बाजारात वाढलेला माणूस. सौद्यात जो आधी भाव बोलतो तो हरतो, एवढं शिक्षण मला पुरलं आहे. म्हणून चोरीचा विषयच काढला नाही. त्याला आवारात नेलं आणि माझ्या जीपचं बॉनेट उघडलं.

“नव्या गाड्या रस्त्यावर मिरवायला बऱ्या,” मी म्हणालो. “नदीत घालायची छाती तुम्हा पोरांत नाही.”

“असं कसं साहेब? वाळूत आम्ही हवा अठरावर आणतो. गाडी पाण्यासारखी जाते.”

“आणि डांबरीवर तशीच पळवता. टायरच्या कडा खाता.”

“नाही हो, उतरलो की लगेच भरतो.”

“कुठे भरता? पालकडून उतरल्यावर धड पंक्चरवाला तरी आहे का?”

“आहे की! सावद्याच्या अलीकडे, लिंबाखाली. परवाच...”

तो थांबला. मी बॉनेट खाली घेतलं आणि फडका खांद्यावर टाकला.

पुढचं त्याने स्वतःच सांगितलं. काका नाशिकला गेलेले, मित्रांना गाडी दाखवायची हौस, म्हणून सोमवारी खुंटीवरची चावी उचलली. नदीत एका धोंड्यावर दार आणि खालची बाजू चेपली. काकांना दिसायच्या आत दुरुस्त होईल म्हणून गाडी धुळ्याला एका गॅरेजात टाकली. काका ठरल्यापेक्षा आधी परतले.

“नानांना घेऊन गेलो तेव्हा तू तिथेच होतास,” मी म्हणालो.

“हो.”

“मग?”

“काका ओरडले असते.”

धुळ्याबाहेरच्या त्या गॅरेजमागे, ताडपत्रीखाली गाडी मिळाली. मी कळवल्यावर जिल्ह्याचं एक पथक माझ्याआधी तिथे पोहोचलं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, गाडी आणि तिच्याभोवती चार अधिकारी. माझ्या ठाण्याचं नाव नाही. गुन्हे बैठकीत त्याच चौघांचं कौतुक झालं आणि मला मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवाव्या लागल्या. ते मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

बागायतदार मात्र मोकळे झाले. “घरचाच मामला निघाला साहेब, मिटवून टाका. नाना, उद्यापासून या कामावर.” गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून मी कोर्टाकडे ‘क’ समरी, म्हणजे गुन्हा बंद करायचा अहवाल, पाठवली. कागद संपले.

नाना ठाण्यातल्या बाकावरून उठले नाहीत. “साहेब, जठाईन उचलं, तठेच सोडा.”

ठाण्याची गाडी बाहेर उभी होती. मी ती नको म्हणालो. माझ्या जीपची चावी काढली आणि नानांपुढे धरली. त्या जीपला माझ्याशिवाय कोणी हात लावत नसे. ते एकदा चावीकडे आणि एकदा माझ्याकडे बघून उठले.

मी गणवेशात, डावीकडच्या सीटवर. नाना स्टिअरिंगवर. भरल्या शेडमध्ये त्यांनी जीप आत नेली आणि मजुरांच्या मधोमध उभी केली. मग ट्रकवर खोकी चढवून घेणारा एक व्यापारी तिथूनच ओरडला, “नाना, सोमवारी आमची गाडी भुसावळला न्यायची आहे. येशील का?”

“येसू,” नाना म्हणाले.

जुन्या मालकाकडे ते पुन्हा कधी गेले नाहीत.

तोंडाने माफी मागणं मला कधी जमलं नाही, तेव्हाही जमलं नाही. पण त्यानंतर समोर बसलेल्या प्रत्येक माणसाला मी आधी त्याचं काम विचारत आलो आणि गुन्हा नंतर. नानांना पहिल्या तासात, गाडी आणखी कोण फिरवतं, एवढं विचारलं असतं, तर त्यांची एक संध्याकाळ वाचली असती. मी मात्र चावीच विचारत बसलो.

त्या दिवशी मी शेडमधून निघताना नानांनी जीपभोवती एक फेरी मारली, वाकून टायर दाबून पाहिला आणि चावी माझ्या हातात ठेवली.

“साहेब, डावा पुढला चाकमा हवा कमी शे. भरी ल्या.”

सावद्याच्या अलीकडे, लिंबाखाली थांबून मी ती भरून घेतली.