कन्हानच्या वळणावरची रेघ

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. खाप्याच्या पुढे कन्हान नदीच्या एका वळणावर नकाशात काठाची रेघ आहे. ती चुकीची आहे, आणि ती मी ओढली.

नागपूरच्या कार्यालयात बसून जुनी-नवी उपग्रहचित्रं एकावर एक ठेवायची आणि नदी कुठे सरकली ते पाहायचं, हे माझं काम. आमच्या चित्रांत हिरवळ लाल दिसते. उन्हाळ्यातल्या चित्रात त्या वळणाशी लाल पट्टा दिसला. मी धरून चाललो, झुडपं उगवली, जमीन पक्की झाली, नदी गावापासून दूर गेली. खरं तर ते टरबुजाचे मळे होते, डांगरवाड्या. पाणी ओसरलं की लोक पात्रातल्या रेतीतच टरबुजं लावतात, हे नागपूरच्या माणसाला सांगावं लागतं का? दर उन्हाळ्यात मीच ती घरी आणतो.

त्या नकाशावरून गावाकडची संरक्षक भिंत रद्द झाली. मला शाबासकी मिळाली.

पावसाळ्यानंतर पाहणीला गेलो, तर वळणावरच्या घराचा मागचा भाग नदीने नेला होता. घरात एक विधवा बाई आणि तिची लेक.

"या जी साहेब. न्हाणी पाहाची हाये का? खाली वाका. मासोळ्या आंघोळ करून राहिल्या."

ड्रायव्हर हसला. मी काठाकडे पाहत राहिलो. वाळलेले टरबुजाचे वेल कडेला अडकले होते. तेव्हा कळलं.

"काहून जी," तिने विचारलं, "वरून फोटो काढता म्हणे तुमी. आमचं घर नाही दिसलं काय त्याच्यात?"

"ढग होते, बाई," मी म्हणालो.

उन्हाळ्यातलं, लख्ख चित्र होतं ते.

"मंग तुमी तरी काय करान," म्हणत तिने लेकीला चहा ठेवायला सांगितलं. तो मी प्यायलो. साखर जास्त होती, पाहुण्याला घालतात तशी.

परत येऊन फाइल उघडली, बंद केली. साहेबांना काय सांगू, एवढाच विचार तेव्हा डोक्यात होता, तिचा नव्हता. त्या दोघी आता पुढच्या एका खोलीत राहतात, आणि नदी सरकतेच आहे. भिंतीचं पुन्हा ठरवताना समोर माझाच नकाशा असतो.

तो दुरुस्त करून देणं आणि त्या बाईला खरं सांगणं, दोन्ही मी अजून केलेलं नाही.