पोस्टरचा लाल धावदोरा

मुलांच्या फुटबॉल मासिकात मधलं पोस्टर लाल धावदोऱ्याच्या कच्च्या टाक्यांनी टाचायचं, ही युक्ती माझी. माझ्या मेव्हण्याने, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाने, ती स्वतःच्या नावावर छापून घेतली. फसवलं त्याने, फसलो मी.

मी शिंपी. शाळा सोडून दुसऱ्याच्या दुकानात काजं-बटणं करायला बसलो, आणि आज बन्नीमंटपाजवळ माझं स्वतःचं दुकान आहे. धावताना काखेत न काचणारी जर्सी म्हैसुरात कुठे मिळते, हे कुठल्याही फुटबॉल खेळणाऱ्या पोराला विचारा. माझ्या दुकानात भाव करायला लोक येतात ते तयारी करून येतात, आणि तरी हरून जातात.

मेव्हणा म्हैसुरातल्याच बोगादीच्या एका शाळेत खेळाचा शिक्षक. एकदा शाळेच्या संघाच्या जर्सी शिवायला आला.

“भावोजी, अकरा घेतो, बारावी फुकट द्या.”

“बारावा काय करतो?”

“बाकावर बसतो.”

“मग त्याला बाक फुकट दे. जर्सी कशाला?”

तो हसला आणि पिशवीतून हाताने लिहिलेली सोळा पानं काढून माझ्यापुढे टाकली. पोरं रात्रंदिवस फुटबॉल बोलतात, पण त्यांना कन्नडमध्ये वाचायला काही नाही, म्हणून यानेच मासिक काढायचं ठरवलं होतं. ऑफसाइड म्हणजे काय, हे त्याने बसच्या रांगेत मध्ये घुसणाऱ्या माणसाचं उदाहरण देऊन समजावलं होतं. ‘सात गोल खाल्ल्यावर घरी काय सांगावं’ हा लेख वाचून मी इतक्या जोरात हसलो, की कोटाची ट्रायल द्यायला उभं असलेलं गिऱ्हाईक दचकलं. मेव्हणा लिहितो चांगलं. ते मी कधी नाकारलं नाही.

“झेरॉक्स काढीन,” तो म्हणाला, “पण पानं बांधायची कोणी?”

“मी,” असं मी घासाघीस न करता म्हणालो. आयुष्यात असं फार कमी वेळा झालंय.

पहिल्या अंकात चूक माझीच झाली. पँटची बैठक शिवतो तशी मी पानांच्या घडीवर दुहेरी टीप मारली. शिवण उसवली तर शिंप्याची अब्रू जाते, हे हाडात भिनलेलं. अंक इतका पक्का झाला की त्यावर म्हैस बसली असती तरी सुटला नसता. पण मधल्या पानावर गोलकीपरचं मोठं चित्र होतं, आणि मुलांना ते भिंतीवर लावायचं होतं. आठवड्याभरात मेव्हणा पत्रांचा गठ्ठा घेऊन आला आणि त्यातलं एक मोठ्याने वाचलं. “अंकल, गोलकीपरचं डोकं भिंतीवर आहे आणि पाय पुस्तकात. त्याने गोल अडवायचा कसा?”

मी भडकलो. “तुझ्या पोरांना कागद ओढायची अक्कल नाही!”

“अय्यो, ओढायची अक्कल आहे, म्हणूनच फाटलं,” बायको दुकानामागच्या घरातून म्हणाली.

दोन दिवस तो राग मी मशीनवर काढला. तिसऱ्या दिवशी एका नवऱ्यामुलाची शेरवानी पक्की शिवून झाली, आणि ट्रायलसाठी बाहीला घातलेला कच्चा धावदोरा मी सर्रकन ओढून काढला. हात तिथेच थांबला. शिंपी कच्चा टाका घालतो तोच मुळी ओढून काढण्यासाठी! बाकीची पानं पक्क्या टिपेने शिवायची, पोस्टर मागाहून वेगळं, लांब लांब टाक्यांनी टाचायचं, आणि दोऱ्याचं टोक बाहेर लोंबत ठेवायचं. लाल, म्हणजे लगेच दिसेल. टोक ओढलं की पोस्टर अख्खं हातात.

ही युक्ती पहिल्यांदा वापरली गेली बैलकुप्प्याला. तिथल्या तिबेटी वसाहतीतल्या मुलींच्या संघाच्या जर्सी पोचवायला गेलो होतो, सोबत दहा अंक नेले. त्यांच्या कप्तान मुलीने दोरा ओढला, पोस्टर सुटलं, आणि साऱ्या संघाने गोल झाल्यासारखी आरोळी ठोकली. मग सगळ्यांनाच ओढायचा होता. माझ्या नव्या जर्सी गवतावर तशाच पडल्या होत्या, आणि मला राग आला नाही.

तेव्हापासून मासिक वाढतच गेलं. आता ते छापखान्यात रंगीत छापलं जातं. पण लाल दोरा अजून माझ्याच दुकानात घातला जातो, आणि पोरं अंक घेताना आधी दोरा आहे ना ते बघतात.

यंदा मासिकाचा खास अंक निघाला. त्यात संपादकांनी, म्हणजे मेव्हण्याने, मासिकाचा इतिहास लिहिला. त्यात म्हणे, बोगादीच्या घराच्या गच्चीवर एका संध्याकाळी पतंग पाहताना त्याला लाल दोऱ्याची कल्पना सुचली. आणि माझा उल्लेख? ‘जर्सी शिवणारे एक हितचिंतक.’

रविवारी तो जेवायला आला. ताटात होळिगे, म्हणजे पुरणपोळी, पडायच्या आत मी अंक पुढे केला. “तुझ्या गच्चीवर पतंग कधी उडाला रे? तिथे पाण्याची टाकी आणि वाळत घातलेल्या मिरच्या!”

“भावोजी, सुम्ने, उगाच कशाला तापता? गोष्ट जरा रंगवावी लागते. शेरवानीत मुलांना काय गंमत?”

“रंगव की! पण माणूस का बदललास?”

बायकोने त्याच्या ताटात तूप वाढता वाढता हात आखडता घेतला, एवढं मी पाहिलं.

मग त्याने भाव सुरू केला. शेवटच्या पानावर माझा फोटो. मी नाही म्हणालो. फोटोखाली चार ओळी. नाही. सहा ओळी आणि दुकानाची जाहिरात. तेव्हा मात्र मी हात धुऊन उठलो. दोरा घालणं मी थांबवणार नाही, पोरांनी माझं काही बिघडवलेलं नाही. पण ज्या मुलांनी माझा दोरा ओढला, त्यांना तो कोणी घातला हे खोटं कळावं, हे मला चालणार नाही.

तेव्हा संपादकसाहेब, पुढच्या अंकात, त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत तुमच्या वाचकांना उत्तर द्या: तो पतंग तुम्ही कधी पाहिला, आणि माझं नाव का गाळलं?